आवडलं की एक भोक

जंगलात सगळ्यांनाच रिकामपण आलं होतं, तेव्हाची गोष्ट. खार, पोपट आणि सुतारपक्षी या तिघांनी जुन्या आंब्यावर एक खेळ काढला. प्रत्येकाने आपापल्या फांदीवर बसून काहीतरी गंमत करायची. बघणाऱ्यांना ती आवडली, की सुतारपक्ष्याने त्या फांदीला एक भोक पाडायचं. ज्याची भोकं जास्त, तो मोठा.

जंगल वेडं झालं. घुबडाने डोळा मारला, सात भोकं पडली. अस्वल शिंकलं, बारा पडली. माकड तर नुसतं उलटं लटकून ढेकर द्यायचं, तरी त्याच्या फांदीची पार चाळण झाली.

आंबा कळवळला. "अरे, मी आतून पोकळ होतोय!"

"आजोबा, सगळे किती खूश आहेत ते बघा की," पोपट म्हणाला.

"आणि ही भोकं बुजवणार कोण?"

"ती सोय पुढच्या मोसमात येतेय," खार शेपटी झटकत म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी माकडाने ढेकर दिला आणि फांदी कडाडून मोडली. माकड थेट खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन पडलं. आता तरी हे थांबेल, म्हणून आंब्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

खाली गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, "काय पडलंय राव! आमच्याकडून एक भोक!" लगेच सगळेच ओरडायला लागले.

सुतारपक्षी गोंधळला. "अहो, पण फांदीच मोडली. आता भोकं पाडू कुठे?"

काट्यांतून कण्हत माकड म्हणालं, "बुंधा आहे ना!"