मागं वळलेला कान

“माझ्याच हातच्या कामाखाली माझंच नाव कोरायचं, त्यात वावगं काय आहे, भंते?”

फो थिननं पुन्हा तेच विचारलं.

म्हातारे भंते सोभन विहाराच्या पायरीवर बसून खांबाला तेल चोळत होते. पावसाळ्याआधी दर वर्षी साऱ्या लाकडाला जमिनीतून निघणारं काळं तेल पाजायचं, ही इरावतीकाठची रीत. नाहीतर वाळवी लाकडाचा भुगा करते.

त्यांनी बोळा पुन्हा तेलात बुडवला.

फो थिन आता ऐरागैरा सुतार राहिला नव्हता. मंडालेतल्या मोठमोठ्या घरांचे दरवाजे त्याच्या हातचे. बोटांत कला होती, आणि खरं सांगायचं तर ती डोक्यातही गेली होती.

पण यंदा उजव्या हाताला कंप सुटला होता. मूलबाळ नाही. आपण गेल्यावर आपलं म्हणून काय उरणार, या एका विचारानं त्याची झोप उडाली होती. दरवाजे विकले जातात, जळतात. विहार तेवढा राहील, असं त्याला वाटायचं.

आणि का वाटू नये? अख्खा विहार सागवानी. पूर्वी तो राजवाड्यातला महाल होता म्हणतात. राजधानी हलली, तशी राणीनं तो उतरवून भिक्खूंना देऊन टाकला. एकेक खांब, एकेक फळी नदीतून आली. पुढं नदीनं काठ खायला घेतला, तेव्हा गावानं तो पुन्हा उतरवला आणि आत सरकवून उभा केला. खिळा म्हणून कुठं नाही. लाकडात लाकूड बसवलेलं. खांब दोघांच्या कवेत मावायचे नाहीत. वर एकावर एक छपरं, दारांवर वेली नि देव, आणि चौफेर सज्जाच्या कठड्यात हरणंच हरणं. बुद्धानं पहिला उपदेश हरणांच्या रानात केला ना, म्हणून.

त्या दुसऱ्या खेपेला कठड्याच्या काही फळ्या फुटल्या. नव्या करायला आलेल्या कारागिराच्या हाताखाली फो थिन होता, मिसरूड फुटायच्या वयाचा. एक हरीण त्याच्या वाट्याला आलं. फळ्या बसायच्या आत तो मंडालेला निघून गेला. मग गावकऱ्यांनी हाताला येईल ती फळी मिळेल त्या जागी बसवली.

“कोर की,” भंते शेवटी म्हणाले. “तुझं हरीण कुठलं?”

“एका नजरेत ओळखीन.”

“कसं?”

“कानावरून. हरणं सगळी बाहेर, नदीकडं बघतात. माझंही बघतं, पण त्याचा एक कान मागं वळलाय. मी सज्जात बसून कोरत होतो, आत तुम्ही सूत्र म्हणत होता... पटाशी आपोआप वळली. गुरूनं नव्हतं सांगितलं. ते माझं मला सुचलं.”

“बरं...” भंते म्हणाले. “जा, बघून ये.”

फो थिन अनवाणी सज्जात गेला. एवढी वर्षं तो इथं यायचा, बुद्धाला नमस्कार करायचा आणि जायचा. आपलं हरीण कुठं पळतंय, अशा समजुतीत कठड्याकडं त्याची नजर कधी गेलीच नव्हती.

पहिल्याच हरणापाशी तो बसला. तेलाच्या पुटांनी लाकूड काळंभोर झालेलं. त्यानं बोटानं धूळ काढली. कान मागं वळलेला.

हेच ते. त्यानं पिशवीतून पटाशी काढली. मग आपली खात्री करून घ्यावी, म्हणून शेजारच्यावर हात फिरवला.

त्याचाही कान मागं.

पुढच्याचाही.

त्याच्या पुढचं तर राजवाड्यातलं, कोपरे झिजलेलं, नाक अर्धं गेलेलं. त्याचाही कान मागंच.

फो थिन गुडघ्यांवर आला आणि तसाच सरकत राहिला. कुठं पटाशी जोरात चालली होती, कुठं भीत भीत. एक कारागीर डावखुरा असावा. हात वेगवेगळे, काळ वेगवेगळे. त्याला त्याच्या गुरूनं सांगितलं नव्हतं... मग गुरूला तरी कुणी सांगितलं असेल? आणि राजवाड्यातल्या त्या जुन्या कारागिराला?

आत भिक्खूंनी सूत्र म्हणायला सुरुवात केली. सागवानाला तो आवाज चढला आणि त्याच्या तळहाताखाली फळी हलके थरथरू लागली.

त्याच्या अंगावर काटा आला. एवढी सगळी हरणं नदीकडं तोंड करून उभी होती आणि सगळी आतलं ऐकत होती. या विहाराला आपण आजवर पाहिलंच नव्हतं, हे त्याला उमगलं आणि डोळे भरून आले.

सबंध फेरी मारून तो पायरीपाशी परतला. पटाशी पिशवीत गेली होती.

“मिळालं?”

“माझं कुठलं, तेच कळेना, भंते.”

भंते खांबाला चोळत राहिले.

“आता दुसरं कोरायचं म्हटलं, तर...” फो थिननं उजवा हात पुढं केला. तो कापत होता.

भंतेंनी त्या हाताकडं पाहिलं. मग तेलात बुडवलेला फडक्याचा बोळा त्या तळहातावर ठेवला.

“मग सगळ्यांनाच लाव.”