माळावरचे एकच अंडे

पूर्वी भद्रावती नगरात जयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व सीमेजवळच्या एका गावी कुंभाराच्या कुळात जन्माला आला होता. त्याचे नाव सुवत्स. चाकावरचे काम आटोपले की तो माळावर, तळ्याकाठी जाऊन पाखरे न्याहाळीत बसे.

राजालाही पाखरांचे मोठे वेड होते. उन्हाळा सरत आला, तळी आटली आणि उरल्यासुरल्या पाण्यावर पाखरे गोळा होऊ लागली, की तो खेडोपाडीच्या जाणत्यांना दरबारात बोलावी. ज्याने सर्वांत दुर्मिळ पक्षी पाहिला असेल, त्याच्या खांद्यावर तो आपल्या हाताने शेला घाली. बहुतेक वर्षी तो शेला सुवत्साच्या खांद्यावर पडे.

सुवत्साच्या शेजारी पिंगल नावाचा तेली राहत असे. नजरेने तोही काही कमी नव्हता. एकदा आंब्याच्या राईत त्याला नवरंग पक्षी उतरलेला दिसला. केवढा तो आनंद! तो धावतच पाणवठ्यावर आला आणि सांगू लागला. घागर भरता भरता एक बाई म्हणाली, "हो, सुवत्स कालच म्हणाला." झाले. पिंगलचा चेहरा खाडकन उतरला. तेव्हापासून कोणतेही पाखरू दिसले तरी त्याला त्याचे सुख होईना. हे सुवत्साने आधीच पाहिले असेल का, एवढेच त्याच्या मनात येई.

त्याची बायको सुमना एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही पाखरे बघायला जाता की सुवत्सभावोजींना?"

पिंगल तिच्यावर खेकसला, पण जेवण त्याला गोड लागले नाही.

त्या वर्षी दरबाराचे दिवस जवळ आले. सुवत्स रोज भर उन्हात माळाकडे जाई आणि करपलेल्या तोंडाने परत येई. काय पाहिले म्हणून कोणी विचारलेच, तर म्हणे, "पाहिले ते सगळेच सांगण्याजोगे नसते."

'दरबारात सांगायला राखून ठेवतो आहे लबाड,' असे पिंगलच्या मनाने घेतले. एके दिवशी तो बाभळींच्या आडोशाने सुवत्साच्या मागोमाग गेला. सुवत्स माळाच्या मधोमध एका दगडावर बसला होता आणि चरत येणारी गुरे हळूच दुसरीकडे वळवीत होता. पिंगलने त्याच्या नजरेच्या रोखाने निरखून पाहिले. वाळल्या गवतात माळढोकाची मादी अंड्यावर बसली होती.

पिंगल बाभळीआड खाली वाकला. असा पक्षी त्या मुलखात कित्येक वर्षांत कोणी पाहिला नव्हता. तो तसाच माघारी फिरला आणि घरी न जाता थेट नगराच्या वाटेला लागला.

भर दरबारात त्याने माळढोकाची हकीगत सांगितली. सुवत्सही तिथे आला होता. राजाने आनंदाने पिंगलच्या खांद्यावर शेला घातला आणि पारध्यांना आज्ञा केली, "उद्या जाळी घेऊन निघा. ती मादी माझ्या बागेतल्या पिंजऱ्यात हवी." मग तो सुवत्साकडे वळला. "तुला हा पक्षी दिसला नाही?"

"दिसला, महाराज."

"मग सांगितले का नाहीस?"

"ती एकच अंडे घालते. एकदा उठवली तर ते अंडे वाया जाते."

राजाला ते रुचले नाही. दरबार उठल्यावर सुवत्स पिंगलजवळ आला. आता हा जळफळेल, चार शब्द ऐकवील, अशी पिंगलची खात्री होती. तो त्याचीच वाट पाहत होता. पण सुवत्स म्हणाला, "पिंगलदादा, तुझ्या नजरेला तोड नाही. तिच्या अंगाचा रंग मातीत असा मिसळतो, की मला ती कितीतरी दिवस दगडच वाटत होती."

त्याच्या बोलण्यात कुठेच कुसळ नव्हते. पिंगलने पुनःपुन्हा शोधले, पण सापडले नाही. ज्याला हरवण्यासाठी इतकी धाव घेतली, त्याने शर्यत लावलीच नव्हती. खांद्यावरचा शेला त्याला ओल्या घोंगडीसारखा जड झाला.

दुसऱ्या दिवशी पिंगल आणि सुवत्स यांना बरोबर घेऊन राजा लवाजम्यासह माळाच्या कडेला आला. "पिंगल, वाट दाखव."

पिंगल जागचा हलला नाही. त्याने शेला काढून राजाच्या पायांशी ठेवला. "महाराज, जागा मला ठाऊक आहे. पण मी दाखवणार नाही."

"वेड लागले का तुला? राजाज्ञा मोडल्याची शिक्षा ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पक्षी पाहिला म्हणून मी नगरात आलोच नव्हतो. या सुवत्साचा मान जावा म्हणून आलो होतो."

राजाच्या कपाळावर आठी पडली. तेव्हा सुवत्स पुढे झाला. "महाराज, आधी मी लपवले, शिक्षा आधी मला करा. पण त्यापूर्वी एकदा माझ्याबरोबर या. माणसे आणि घोडे इथेच राहू द्या."

राजा कुतूहलाने निघाला. थोडे चालून सुवत्साने त्याला खाली वाकायला सांगितले आणि दोघे रांगत एका टेकाडाआड पोचले. समोर ती मादी उन्हाकडे पाठ करून उभी होती. तिने पंख अर्धे पसरून अंड्यावर सावली धरली होती. चोच उघडी होती, गळा धपापत होता. पलीकडे झाडाची गार सावली होती. तिकडे ती गेली नाही.

राजा तापल्या मातीवर कितीतरी वेळ पडून राहिला. परत आल्यावर त्याने पारध्यांना जाळी गुंडाळायला लावली, दोघांना क्षमा केली आणि त्या माळावरच्या सर्व पाखरांना अभय दिले.

पुढे सुवत्स आणि पिंगल आळीपाळीने राखण करू लागले. एका सकाळी सुवत्स पिंगलच्या दारी आला आणि म्हणाला, "दादा, पिल्लू बाहेर आले. मी आत्ताच पाहिले." पिंगल घाण्यावरून उठला. हे आपल्याआधी सुवत्साने पाहिले, हे त्याच्या मनातही आले नाही. "चालते का? आईमागे चालते का?" एवढेच त्याने विचारले आणि त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्याच्या प्रवचनाला गर्दी होते म्हणून मनात कुढणाऱ्या एका भिक्षूला ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा पिंगल तूच होतास. माझा हा शिष्य आनंद तेव्हा राजा जयसेन होता आणि सुवत्स कुंभार मीच होतो. त्या जन्मी तुला जी साधली, ती दुसऱ्याच्या सुखाने सुखावणारी मुदिता याही जन्मी तुला साधेल."