धुक्यात बोलणारी

फार जुन्या काळी, खाडीकाठच्या एका गावात एक बाई राहत होती. गोष्ट इतकी जुनी, की पहिल्यांदा ती कुणी सांगितली हे सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही.

ओहोटी लागली की त्या गावच्या बायका टोपल्या घेऊन चिखलात उतरायच्या आणि तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचायच्या. खाडीवर धुकं फार, म्हणून गावात एक रीत होती. चिखलात उतरल्यावर तोंड बंद ठेवायचं नाही. स्वतःशीच का होईना, मोठ्यानं बोलत राहायचं, म्हणजे कोण कुठं आहे ते बाकीच्यांना कळतं. कुणी गाणं म्हणायची, कुणी सासूची उणीदुणी काढायची. आणि ओळखीचा नसलेला आवाज आला, तर त्याला ओ द्यायची नाही. खाडीत काय काय असतं, कोण सांगणार?

ही बाई मात्र सगळा वेळ स्वतःलाच बोल लावायची. "वेंधळी मेली. तुझ्यानं काही होत नाही. एक दिवस बुडून मरशील." वर्षानुवर्षं, रोज हेच. ऐकून बायका हसायच्या. तिलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपल्याच तोंडाला कोण घाबरतं?

एका सकाळी धुकं असं दाटलं, की स्वतःचा हात दिसेना. बाई वेचत वेचत लांब गेली. पायाला गार पाणी लागलं तशी ती दचकली. भरती सुरू झाली होती. बाकीच्या कुठं आहेत ते ऐकायला ती गप्प झाली.

ती गप्प झाली, पण तिची बडबड थांबली नाही.

"वेंधळी मेली," धुक्यातून तिचाच आवाज आला. "तुझ्यानं काही होत नाही."

"कोण गो ती?" बाईनं विचारलं.

"एक दिवस बुडून मरशील."

बाई एक पाऊल मागं सरली. पण खरं सांगायचं तर तिला ते बोलणं काही नवीन वाटलं नाही. "खरंच आहे," ती पुटपुटली. "माझ्यानं नाही व्हायचं." तसा आवाज जवळ आला. पाणी गुडघ्याला लागलं. "वेंधळीच आहे मी," ती रडत म्हणाली. आता आवाज अगदी कानाशी होता, आणि त्याला श्वास नव्हता. बाईला वाटलं, इथंच खाली बसावं, म्हणजे सुटले.

घरी तिची चार वर्षांची लेक झोपली होती. बाईला ती आठवली. आणि मग आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आवाज तीनच वाक्यं बोलत होता. तिनंच रोज म्हटलेली. चौथं त्याला येत नव्हतं.

"मला वाट माहीत आहे," बाई म्हणाली. ते तिला इतकं खोटं वाटलं, की त्या भीतीतही लाज वाटली. पण आवाज अडखळला. "भरतीचं पाणी किनाऱ्याकडे जातं," ती पुढं म्हणाली. "पाणी मागून ढकलेल तिकडं चालायचं. हे मला येतं." ती वळली आणि चालू लागली. आवाज थोडा मागं राहिला.

इतक्यात वल्ह्यांचा सपसप आवाज आला. गावची नाव तिला शोधायला निघाली होती.

"मी इथं आहे!" बाई ओरडली. "मी चालतेय! मी येणार!"

"ही कोण?" नावेतून तिच्या जावेनं विचारलं. "आवाज तिच्यासारखा, पण आमची जाऊ असं बोलत नाही. ती बघा, तिकडे स्वतःला शिव्या घालतेय, ती आमची. हिला ओ देऊ नका. वल्हवा!"

जुनं एक वाक्य म्हटलं असतं, तर नाव वळली असती. बाईनं तोंड उघडलंसुद्धा. त्याबरोबर धुक्यातला आवाज एकदम गप्प झाला. पानावर बसलेलं माणूस वाढण्याची वाट बघतं, तसा.

बाईनं तोंड मिटलं. नाव निघून गेली.

"पाऊल टाक," ती स्वतःला म्हणाली. "आता दुसरं. शहाणी माझी ती. पाणी कमरेला आलंय, पण पाय टेकतायत ना? मग टाक." दात वाजत होते, तरी ती बोलत राहिली. बऱ्याच वेळानं पायाखाली वाळू लागली.

थोड्या वेळानं नाव परत आली. बाईला किनाऱ्यावर बघून जाऊ किंचाळलीच. "तू इथं? मग तिथं कोण बोलतंय? आम्ही जवळ गेलो तर नुसता आवाज गो, माणूसच नाही!"

"मीच आहे ती," बाई म्हणाली. "इतकी वर्षं मीच तिला बोलायला शिकवलं."

जाऊ मटकन वाळूत बसली आणि तिनं कपाळावर हात मारला. "माझं मेलीचं नशीबच फुटकं!"

"माझं मेलीचं नशीबच फुटकं," धुक्यातून जावेचा आवाज आला.

बाईनं जावेचा हात घट्ट धरला.

"दुसरं काहीतरी बोल," ती म्हणाली. "लवकर."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आपण स्वतःशी रोज जे बोलतो, ते कुणीतरी ऐकून शिकत असतं. त्याला काय शिकवायचं, ते आपणच ठरवावं.