शलोमीचे मिटलेले कान

प्रार्थना झाली सगळ्यांची? बेन्या, आमेन म्हणायच्या आधीच पांघरुणात शिरलास, बघितलं हं मी. ये इकडे. सारा, तूही ये. फुरंगटून भिंतीकडे तोंड करून झोपायचं नाही. संडेस्कूलमध्ये आज काय झालं ते मला कळलंय. नाही, रागावत नाही. गोष्ट सांगते, ती ऐक.

फार फार वर्षांपूर्वी काय झालं, एका तळ्याकाठी एक राजा राहत होता. त्याला दोन मुली. थोरली शलोमी आणि धाकटी हन्ना. त्यांची आई लवकर देवाघरी गेली, म्हणून एका म्हाताऱ्या दाईनं दोघींना वाढवलं. शलोमीचा गळा असा गोड, की चर्चमध्ये ती गायला उभी राहिली की रडणारी तान्ही पोरंसुद्धा गप्प व्हायची. सगळे म्हणायचे, देवानं दिलेला आवाज आहे. ऐकून ऐकून शलोमीला आवाज तेवढा लक्षात राहिला, आणि देणाऱ्याचा विसर पडला.

आणि हन्ना? ती बिचारी अडखळत बोलायची. 'ताई' म्हणायचं तरी 'ता ता ता' करत तिथंच थांबायची. पण ताईवर जीव असा, की सारखी तिच्या मागं मागं.

मग एका रविवारी काय झालं, उपासनेत मागच्या बाकावर इसाक धनगर बसला होता. साधा माणूस. सुराची ओळख नाही, पण गायचा मात्र छाती भरून. शलोमी गाता गाता थांबली. मागं वळली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "इसाक, तुझ्यापेक्षा तुझी मेंढरं बरी गातात. गप्प बस."

इसाक गप्प बसला. मान खाली घातली ती उपासना संपेपर्यंत वर केली नाही. काही लोक हसले, बरं का. हसणारे असतातच.

शलोमी बाहेर आली. दारात इसाकची मेंढरं उभी होती. त्यांची तोंडं उघडत होती, मिटत होती, पण आवाज काही येईना. इसाकनं वाकून सलाम केला, त्याचाही आवाज नाही. ज्याला तिनं तुच्छ मानलं, त्याचा आवाज तिच्या कानांत शिरेनासाच झाला. तुम्ही असतात तर घाबरला असता ना? ती नाही घाबरली. ती म्हणाली, "बरं झालं, कटकट गेली." हेच तर चुकलं, बाळांनो. तिला ते आवडलं.

मग काही दिवसांनी दाई चुलीपाशी बसून स्तोत्र गुणगुणत होती. तोंडात दात एक नाही, त्यामुळे शब्द सगळे फुसफुसत निघायचे. शलोमी म्हणाली, "शी, त्या बोळक्या तोंडानं देवाचं नाव कशाला घेतेस?" ज्या बाईनं हिला अंगाखांद्यावर खेळवलं, तिला म्हणाली हे! माझ्या हाती लागली असती तर चांगली कानउघाडणी केली असती.

दाईनं केली हो. ती म्हणाली, "पोरी, कान मिटू नकोस गं. एक दिवस तुला जे ऐकायचं असेल, तेच ऐकू येणार नाही." पण शलोमीला फक्त दाईचे ओठ हललेले दिसले. चुलीवरचं झाकण खडखडत होतं, तेही ऐकू येत नव्हतं. आता सगळ्या वाड्यात तिला एकच आवाज ऐकावासा वाटायचा. कुणाचा? बरोबर, तिचा स्वतःचा.

मग आला नाताळ. हन्नानं कुणाला न सांगता एक गाणं पाठ केलं होतं. नाताळच्या सकाळी नवा फ्रॉक घालून ती चर्चमध्ये ताईच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि गायला लागली. पहिल्याच शब्दावर अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. शलोमीनं तिला कोपरानं ढकललं. "तुझी जीभ चिखलात रुतलेली गाडी आहे. माझ्याशेजारी उभी राहत जाऊ नकोस. मला लाज वाटते."

हन्ना रडली नाही. हळूच मागं गेली आणि इसाकशेजारी बसली. त्यानं आपल्या घोंगडीचं टोक तिच्या खांद्यावर टाकलं.

त्याच दुपारी शलोमी तळ्याच्या पायऱ्यांवर बसून संध्याकाळच्या गाण्यांचा सराव करत होती. हन्नाच्या मनात आलं, ताईला कमळ दिलं तर तिचा राग जाईल. ती ताईच्या पाठीमागून हळूच पाण्यात उतरली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला पाय गाळात गेला. कमरेपर्यंत पाणी आलं, मग गळ्यापर्यंत.

हन्नानं हाक मारली. पलीकडच्या काठावर इसाकला ती ऐकू गेली. वाड्यात दाईला ऐकू गेली. धुणं धुणाऱ्या बायांनी ऐकली. शलोमी तर अवघ्या दहा पावलांवर होती. ती डोळे मिटून गात राहिली.

इसाक अख्खं तळं पोहून आला, म्हणून पोर वाचली. हो, वाचली गं सारा, हात सोड माझा. पण पाणी फार पोटात गेलं होतं. बारा दिवस तापानं फणफणली. तेराव्या दिवशी डोळे उघडले.

ते बारा दिवस शलोमी उंबऱ्यावर बसून होती. आपण काय केलं ते तिला कळलं होतं. मग ती उठली. एका घंगाळात पाणी घेतलं आणि इसाकच्या झोपडीत गेली. आपल्या प्रभूनं शिष्यांचे पाय कसे धुतले, आठवतं ना? तशी ती राजाची मुलगी शेणामातीत गुडघ्यांवर बसली आणि इसाकचे पाय धुवायला लागली. म्हणाली, "मला क्षमा करा, काका." तो काय म्हणाला, तिला ऐकू आलं नाही. तरी ती धूत राहिली. मग धुता धुता कुठंतरी एक मेंढरू ओरडलं, आणि शलोमीनं दचकून वर पाहिलं.

"अहो बाईसाहेब, उठा आता," इसाक म्हणत होता. "कवाची क्षमा केलीया म्या."

मग तिनं दाईचे पाय धुतले. चुलीवरचं झाकण खडखडलं, आणि दाईचं फुसफुसतं स्तोत्र तिला शब्दन् शब्द ऐकू आलं.

मग ती हन्नाकडे गेली. पलंगाशी बसून तिचे इवले इवले पाय धुतले, पुसले, त्यांवर डोकं ठेवलं. हन्नानं तिच्या केसांवरून हात फिरवला. तिचे ओठ हलले. शलोमीनं कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही.

"दाई, माझे कान अजून उघडले नाहीत," ती रडत म्हणाली. "हन्ना काय म्हणतेय?"

दाई म्हणाली, "मलाही ऐकू येत नाही, बाळा. तिचा आवाज गेला. त्या हाकेबरोबर गेला."

"काय हाक मारली होती तिनं?"

"ताई. चार वेळा. एकदाही अडखळली नाही."

इतकंच. पुढं सगळे राहिले, जगले, मोठे झाले. राजा म्हातारा झाला, इसाक पहिल्यासारखा छाती भरून गायला लागला. शलोमी पुन्हा कधी पुढं उभी राहिली नाही. दर रविवारी ती मागच्या बाकावर हन्नाजवळ बसायची. गाणं सुरू झालं की हन्नाचे ओठ हलायचे, आणि शलोमी त्या ओठांकडे बघत बसायची. देवाला ते गाणं ऐकू जायचं. शलोमीला मात्र जन्मात ऐकायला मिळालं नाही.

पूस ते डोळे, सारा. आज बोबडी म्हणून तू जिला हसलीस ना, ती रिबेका दोन गल्ल्या सोडूनच राहते. उद्या तिला घरी बोलाव, तिचं गाणं म्हणायला लाव आणि शेवटपर्यंत ऐक. मीही बसेन ऐकायला. तिचा आवाज आहे अजून, देवाची कृपा.

बेन्या झोपला वाटतं. पांघरूण घाल गं त्याच्या अंगावर. झोप आता तूही.