त्रेसष्टावी हालचाल

"बाई, खेळा ना! बटण दाबल्याशिवाय कळणार कसं तुम्हाला?"

मिरजकर बाईंनी कंट्रोलर मांडीवर ठेवला होता आणि दोन्ही हात पदराखाली. डोळे तेवढे पडद्यावर.

मागे विक्रांत मगदूम उभा. आमच्या विद्यापीठात व्हिडिओ गेम आणि अ‍ॅनिमेशन शिकवतात, तिथला हा शेवटच्या वर्षाचा पोरगा. वर्गात पहिला, आणि हे कुणाला विसरू द्यायचा नाही. मी तिथला लॅब असिस्टंट. सकाळी कॉम्प्युटर चालू करायचे, संध्याकाळी बंद करायचे आणि मधल्या वेळात सगळ्यांचं ऐकायचं.

बाई त्याच्या शिक्षिका. तीस वर्षं कागदावर हाताने चित्रं काढून ती पडद्यावर हलवलेली. त्यांना मॅडम म्हटलं, की त्या मागे वळून बघायच्या, कोण आलंय म्हणून.

पडद्यावर विक्रांतचा नायक होता. एका किल्ल्याच्या दरवाज्यावरचा पहारेकरी. हातात भाला, पाठीवर ढाल. काय काढला होता म्हणून सांगू! मिशीचा केस न् केस मोजून घ्या.

"बासष्ट हालचाली दिल्यात याला," विक्रांत म्हणाला. "उडी मारतो, कोलांटी घेतो, भाला फेकून परत झेलतो. एकदा दाबा तरी."

बाईंचे हात पदराखालीच.

पहारेकरी दरवाज्यात उभा. छाती वर, छाती खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पाच मिनिटं झाली. मलाच अवघडल्यासारखं व्हायला लागलं.

"हा काय करतोय?" शेवटी बाईंनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही काही दाबलंच नाही, तर तो काय करणार?"

"मी दाबलं नाही, की हा कोण असतो?"

विक्रांत हसला. "कोणी नसतो, बाई. बाहुला आहे तो."

"मग बाहुल्यावर मी सही कशाला करू?"

...

पोराचं हसू जागच्या जागी विरलं. बाईंच्या सहीशिवाय प्रोजेक्ट परीक्षेला जात नाही. म्हणजे सही नाही, तर वर्ष गेलं.

"पण बाई, याचं काम लढायचं आहे."

"पहारेकऱ्याचं?"

"हो."

"रोज हल्ला होतो किल्ल्यावर?"

"रोज कसा होईल..."

"मग बाकीचे दिवस?"

"उभा राहतो."

"कसा?"

विक्रांतने पडद्याकडे बोट केलं. छाती वर, छाती खाली.

"पहारेकरी बघितलायस कधी?"

मी कान टवकारले. प्रवेशाचे फॉर्म मीच फायलीला लावतो. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात या पठ्ठ्याने नुसतं 'नोकरी' लिहिलं होतं. कसली नोकरी, ते सोबतच्या दाखल्यावर होतं. सूतगिरणीत वॉचमन. बावीस वर्षं एकाच गेटवर.

विक्रांतने पडद्यावरच्या पहारेकऱ्याकडे एकदा बघितलं.

"घरातून डबा घेऊन जाताना बघितलंय," तो अगदी हळू म्हणाला. "तिथे उभे असताना... नाही बघितलं."

कोण, कुठे, बाईंनी काही विचारलं नाही. कंट्रोलर त्याच्या हातात दिला.

"पंधरा दिवस आहेत," म्हणाल्या आणि चष्मा पुसत निघून गेल्या.

रविवारी विक्रांत एस.टी.ने इचलकरंजीकडे गेला. पुढचं त्याने मला कँटीनमध्ये सांगितलं. चहा समोर तसाच, वर साय धरलेली.

गिरणीच्या गेटसमोर पंक्चरचं दुकान आहे. तिथे एका टेम्पोच्या आडोशाला चार तास उभा होता म्हणे. बापाला चोरून बघत!

"मला वाटायचं, तात्या खुर्चीत बसून पेंगत असतील," तो म्हणाला. "तिथे खुर्चीच नाही हो."

"मग?"

"ट्रक आला की ताठ. सलाम. गेट उघडायचं, गेट लावायचं. ट्रक गेला, की आधी रस्ता बघायचे. इकडे, तिकडे. कोणी नाही ना? मग काठीवर भार टाकून उजवा बूट काढायचे. गिरणीने दिलेले बूट त्यांना एक नंबर लहान आहेत. तो पाय डाव्या पोटरीवर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. एवढंसंच. हॉर्न ऐकू आला की बूट पायात, परत ताठ. चार तासांत एकाही ड्रायव्हरला कळलं नाही. बावीस वर्षं मलाही कळलं नव्हतं..."

त्याला रडू आलं. मी चहा त्याच्यापुढे सरकवला.

"भेटलास का मग?"

"भेटलो. पण लांबूनच हाक मारली आधी."

"लांबून का?"

"बूट घालायला वेळ मिळावा त्यांना."

हे त्याने मला सांगितलं. बाईंना नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो बाईंपुढे जाऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. बढाई नाही, बासष्टचा उल्लेख नाही. बाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सही करून टाकली. पडदा बघितलासुद्धा नाही.

मी म्हटलं, बाईंचं काही खरं नाही.

दुसऱ्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. गडी घाईचा. पोटात भूक, मागे चार मुलं रांगेत. कंट्रोलर त्यांच्या हातात, शेजारी बाई, मागे भिंतीला टेकून विक्रांत. मी पंख्याच्या बटणापाशी.

पडद्यावर तोच दरवाजा, तोच पहारेकरी. ताठ.

परीक्षक घड्याळ बघत होते, बटण अजून दाबलंच नव्हतं, तेवढ्यात पहारेकऱ्याने रस्ता बघितला. इकडे. तिकडे. कोणी नव्हतं. त्याने भाल्यावर भार टाकला, वाकला, उजवं पायताण काढलं. उघडा पाय दुसऱ्या पोटरीला टेकवला आणि डोळे मिटले.

...

देवाशपथ सांगतो. रोज मी ज्याचा प्लग काढतो, त्या डब्यात एक माणूस उभा होता. थकलेला, आणि आपल्याला कोणी बघत नाही अशा खात्रीने. मी इतक्या वर्षांत त्या लॅबमध्ये कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी ते आपोआप जुळले.

बाईंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

"छान आहे," परीक्षक म्हणाले. "चला, आता खेळून बघू."

त्यांचा अंगठा बटणावर गेला.

बाईंनी पटकन त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा जरा... त्याला पायताण घालू द्या."