मागे अडकलेली चौकट

"पण निकाल त्यानंच का सांगू नये, गुरुजी? राबायचं एकानं आणि मिरवायचं दुसऱ्यानं?"

सबनीस गुरुजींनी सुपारी कातरता कातरता वर पाहिलं. वैजनाथ बोलत होता प्रोग्राममधल्या धाग्याबद्दल. पोट मात्र त्याचं स्वतःचं दुखत होतं.

गुरुजींच्या घरी पुस्तकाची पानं लावायचा प्रोग्राम तयार होई. शिष्य त्याला आपापली प्लगिन, म्हणजे जादा कामाचे छोटे तुकडे, जोडत. प्रोग्राममध्ये एकाच वेळी कामाचे अनेक धागे चालत, त्यांची रीत ठरलेली. पडद्यावर माणसाशी बोलायचं ते पुढच्या धाग्यानं. मागच्या धाग्यांनी मुकाट राबायचं, काही सांगायचं असेल तर पुढच्याकडे निरोप द्यायचा.

घराचीही तीच रीत होती. वैजनाथ आतल्या खोलीत काम करी. छापखानेवाले आले की बाहेरच्या खोलीत दुसरी शिष्या कावेरी त्यांना ते दाखवी. चहा तिच्यासमोर, कौतुक तिच्यासमोर. बाहेरचं हसणं ऐकलं की वैजनाथच्या अंगाचा तिळपापड होई. ती बाहेरची खुर्ची त्याला हवी होती.

म्हणून या खेपेला त्यानं रीत मोडली. त्याचं शुद्धलेखन तपासणारं प्लगिन मागच्या धाग्यातूनच थेट निकालाची चौकट उघडणार होतं. आणि आज छापखान्याच्या पाहुण्यांसमोर अख्खा प्रोग्राम ठप्प झाला. पाहुणे ताटकळले आणि उठून गेले.

"कावेरीनंच काहीतरी केलंय," वैजनाथ म्हणाला. "माझं काम पुढे येऊ द्यायचं नाही तिला."

"असं वाटतं तुला?"

"खात्री आहे. जळतो मी तिच्यावर, कबूल. पण खोटं नाही बोलत."

गुरुजी उठले. वैजनाथ मागोमाग निघाला.

बाहेर संगणक तसाच होता. पडद्यावरचं पान थिजलेलं. कावेरी शेजारी उभी होती. रडून तिचे डोळे लाल झाले होते.

गुरुजींनी पडद्यावरची मोठी खिडकी बाजूला सारली.

तिच्यामागे, मागच्या धाग्यानं उघडली म्हणून मागेच राहिलेली, एक छोटी चौकट होती. 'काम पूर्ण झाले. करणारा : वैजनाथ.' खाली 'ठीक आहे'चं बटण. कुणीतरी ते दाबेल म्हणून मागचा धागा अडून बसला होता, आणि त्याच्यासाठी पुढचा खोळंबला होता.

वैजनाथचा चेहरा उतरला. त्यानं बटण दाबलं. पान हललं.

"पण गुरुजी... मग माझं नाव लोकांना कळणार कसं?"

गुरुजी कावेरीकडे वळले. "काम कुणाचं म्हणून सांगतेस गं पाहुण्यांना?"

"वैजनाथचं. दर वेळी." तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "ते म्हणतात, बोलवा की त्याला. मी हाक मारते. हा आतूनच ओरडतो, कामात आहे म्हणून."

वैजनाथला त्या हाका आठवल्या. आपल्याला डिवचायलाच ती बोलावते, असं त्याला वाटत आलं होतं.



"मी हिची खुर्ची मागायला आलो होतो, गुरुजी," तो म्हणाला.

"दिली," गुरुजी म्हणाले. "उद्यापासून कावेरी आत बसेल. तिनं केलेलं तू बाहेर सांगायचं."