तिरकी तुळई

फार पूर्वी वेत्रवतीच्या काठच्या नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाकूडकाम करणाऱ्या घरात जन्मला होता. नाव भद्रक. त्या काळी या लोकांना सुतार म्हणत नसत. लाकूडतोडे म्हणत, तेही नाक मुरडून.

भद्रक आणि त्याचा धाकटा भाऊ नंदिक जोडीने काम करीत. कावेत भिजवलेलं सूत दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं, मधे उचलून सोडायचं. लाकडावर लाल रेघ उमटे आणि नंदिक त्या रेघेवर करवत चालवी.

राजाच्या सभागृहाची तुळई मात्र तिरकी कापली गेली. एवढं जपलेलं सागाचं खोड वाया गेलं. करवत नंदिकच्या हातात होती, म्हणून दोष त्याचा. चार दिवसांत नगर सोड, असं राजाने त्याला बजावलं आणि भद्रकला मुख्य कारागीर नेमायचं ठरवलं.

चौथ्या दिवशी भद्रकची बायको सुयामा चुलीत घालायला त्याच तुळईची कापलेली फळी घेऊन बसली. फळीच्या कडेला लाल रेघ होती, टोकापासून टोकापर्यंत. फळी एकीकडे चार बोटं रुंद, दुसरीकडे दोनच. ती तशीच उठली.

"अहो, हे बघा. भावजींची करवत रेघ सोडून केसभरसुद्धा हललेली नाही. रेघच तिरकी आहे. या दोन बोटांच्या टोकाला सूत कुणी धरलं होतं?"

भद्रकने फळीच्या अरुंद टोकावर अंगठा टेकवला. म्हणाला, "मी. राजाची पालखी चालली होती. मी मान वर केली, अंगठा सरकला. वाटलं, एवढंसं काय."

"एवढंसं? तिकडे भावजी गाठोडं बांधताहेत. पागोटं घाला आणि चला."

"मानाची जागा जाईल, सुयामा."

"जाऊ दे. गेले चार दिवस तुम्हाला घास गिळवत नाही, ते मला दिसत नाही होय?"

दरबारात भद्रकने फळी राजापुढे ठेवली. "महाराज, करवत सरळ होती. सूत माझ्या हातून ढळलं. नगर मी सोडायला हवं."

राजा खजील झाला. दोष द्यायची घाई त्यानेही केली होती. तो म्हणाला, "लाकूड तोडणारे पुष्कळ आहेत. ढळलेलं सूत आपल्याच हातातलं होतं, असं म्हणणारा आज भेटला. मुख्य कारागिराची जागा तुला नाही. पण नगर कुणीच सोडायचं नाही. आणि यापुढे या लोकांना सूत्रधार म्हणा."

लोकांच्या तोंडी तोच शब्द घासून घासून सुतार झाला.

संध्याकाळी नंदिक अंगणात आला. "वहिनी, ती फळी जाळली का?"

"जाळते कशाला? तुमच्या दादाच्या डोळ्यांसमोर टांगलीय."

नंदिक हसला. नव्या खोडापाशी बसून त्याने सुताचं एक टोक उचललं आणि दुसरं भावापुढे धरलं. "दादा, पालखी आली तरी मान खाली."

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा नंदिक म्हणजे आजचा आनंद, राजा म्हणजे सारिपुत्त, सुयामा म्हणजे राहुलमाता, आणि भद्रक मी होतो." आपली चूक आपल्या तोंडाने सांगणं, हीच त्या जन्मीची सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.